आकडा वहीत असावा, कपाळावर नको

मराठी विकिपीडियावर काही वर्षं उठबस झाल्यावर मला एक रोग जडला होता. इंग्रजी विकिपीडियावर त्याला थट्टेनं ठेवलेलं नावही आहे, एडिटकाउंटायटिस. अपेंडिसायटिसच्या चालीवर. आपली संपादनं किती झाली हे दर अर्ध्या तासानं उघडून बघणं, हे त्याचं पहिलं लक्षण. माझी केस जरा पुढे गेलेली होती. एखाद्या परिच्छेदात ऱ्हस्व-दीर्घाच्या सहा चुका दिसल्या तर मी त्या एकदम दुरुस्त करत नसे. एक वेलांटी बदलायची, जतन करायचं. पुन्हा पान उघडायचं, एक उकार बदलायचा, जतन करायचं. कुणी हटकलं असतं तर 'सवय आहे हो' म्हणून वेळ मारून नेली असती. खरं कारण असं की सहाही चुका एका दमात काढल्या तर आकडा एकानं वाढतो, एकेक काढल्या तर सहानं.

ही गोष्ट लाज वाटूनही सांगतोय, कारण इथला प्रश्न तिच्यातच आहे. जिथे माणसं एकमेकांना न भेटता, बिनपगारी, मिळून काहीतरी उभं करतात, तिथे प्रत्येकानं किती काम केलं ते मोजून तो आकडा सगळ्यांना दिसेल असा लावावा का? ऐकायला प्रश्न बारीक आहे. आकडा खरा असेल तर दाखवायला काय हरकत, असंच कुणीही म्हणेल. पण दिसायला लागलेला आकडा नुसता दिसत बसत नाही, तो माणसाचा हात धरून त्याच्याकडून काम करून घ्यायला लागतो. कधी चांगलं, कधी माझ्यासारखं.

आधी हा आकडा मोजतो तरी काय, ते बघू. विकिपीडियावर 'एक संपादन' म्हणजे जतन करायची कळ एकदा दाबणं. बस. स्वल्पविराम टाकून दाबलीत तरी एक, आणि तीन आठवडे ग्रंथालयात बसून, गॅझेटिअर चाळून, दोन परिच्छेद आणि पाच संदर्भ टाकून दाबलीत तरी एकच. गंमत अशी की जो माणूस आधी 'झलक' बघून, चुका काढून, मग एकदाच जतन करतो, त्याचा आकडा कमी राहतो. जो धांदरट पाच वेळा जतन करून पाच वेळा स्वतःच्याच चुका निस्तरतो, त्याचा वाढतो.

मग बाइट, म्हणजे मजकुरानं संगणकात व्यापलेली जागा, मोजा, असं कुणी सुचवेल. तेही मोजलं जातं. कुठल्याही सदस्याच्या योगदानाची यादी उघडा. प्रत्येक बदलापुढे मजकूर किती वाढला ते हिरव्या अक्षरांत आणि किती घटला ते लाल अक्षरांत दिसतं. पण इथेही मेख आहे. संगणक देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट घेतो, आणि काना-मात्रा हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं. 'पुणे' या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. रोमन लिपीत तेच नाव चार बाइटांत संपतं. म्हणजे एकाच लांबीच्या लेखासाठी मराठी संपादक कागदावर इंग्रजी संपादकापेक्षा कितीतरी कष्टाळू दिसणार. दुसरं म्हणजे काटछाटीचं काय? माझ्या ओळखीच्या एका बाईंनी एका किल्ल्याच्या पानावरचा, कुठल्याशा सहलवाल्याच्या जाहिरातीतून उचललेला अख्खा मजकूर काढून टाकला. त्या आठवड्यात त्या पानावर झालेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. यादीत मात्र त्यांच्या नावापुढे मोठा लाल वजा आकडा.

तरीही लोक आकडा लावतात, कारण त्याचा उपयोग आहे. समोरचा माणूस दिसत नाही, त्याचं खरं नाव माहीत नाही, पदवी विचारायची सोय नाही. अशा ठिकाणी 'हा कालच आलाय की दहा वर्षं इथे आहे' एवढं कळलं तरी पुष्कळ. इंग्रजी विकिपीडियानं तर काही दारांवर आकड्याचं कुलूपच लावलंय. अरब-इस्रायल संघर्षासारख्या पेटत्या विषयांच्या लेखांना हात लावायचा तर खातं किमान ३० दिवस जुनं आणि नावावर ५०० संपादनं हवीत. भाडोत्री खाती उघडून धुडगूस घालणाऱ्यांना यानं आळा बसतो. पूर्ण नाही. ५०० चा उंबरठा गाठायला कुठल्यातरी कोपऱ्यातल्या लेखांत नुसते स्वल्पविराम टाकत सुटणारेही निघतात, आणि त्यांना पकडायचे वेगळे नियम करावे लागतात.

नव्या माणसाकडे बघायची आपली नजर मात्र हा आकडा कशी बिघडवतो, ते मी स्वतःच्या हातानं करून पाहिलंय. एका गावाच्या पानावर जत्रेचा महिना चैत्र लिहिलेला होता. एकानं येऊन तो माघ केला. नाव लाल अक्षरांत, म्हणजे स्वतःचं सदस्यपानसुद्धा नसलेला. संपादनं चार. मी दोन सेकंदांत बदल उलटवला. तासाभरानं माझ्या चर्चापानावर संदेश आला: 'साहेब, मी त्याच देवळाचा गुरव. पालखीला खांदा देतो. चैत्रात आमच्याकडे जत्रा नसते.' आता विकिपीडियाच्या नियमानं 'मी गुरव आहे' हा काही संदर्भ होत नाही, छापील पुरावा लागतो. पण तो पुरावा माझ्या मागच्याच कपाटात होता. जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये महिना माघच दिलेला. मी पुस्तक न उघडता आकडा उघडला होता. गुरवांच्या जागी पाच हजार संपादनांवाला कुणी असता तर मी निदान चर्चापानावर विचारलं असतं, आणि तोही चुकीचाच निघाला असता तरी!

आता जरा संशोधकांकडे वळू, कारण 'आकडा दाखवला की लोक जास्त काम करतात' ही समजूत त्यांनी तपासून पाहिलीय. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 'मूव्हीलेन्स' नावाची सेवा चालते. तुम्ही पाहिलेल्या सिनेमांना तारे द्यायचे, आणि ती तुम्हाला आवडतील असे दुसरे सिनेमे सुचवते. जितके जास्त लोक जितके जास्त तारे देतील, तितकी सगळ्यांसाठीच शिफारस चांगली होते. म्हणजे हेही एक सामाईक कामच. चार संशोधकांनी काही सदस्यांना कळवलं की 'मधल्या' सदस्यानं किती सिनेमांना तारे दिलेत आणि त्याच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात. मधला म्हणजे सरासरी नव्हे. सगळ्यांना कामाप्रमाणे शाळेच्या कवायतीसारखं रांगेत उभं करायचं आणि बरोबर मधोमध जो येईल त्याला धरायचं, तो हा मधला. २०१० साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये त्याचा निकाल छापून आला. मधल्याच्या मागे असलेल्यांचं महिन्याचं काम ५३० टक्क्यांनी वाढलं, म्हणजे सहापटीहून जास्त झालं. आणि पुढे असलेल्यांचं? ते ६२ टक्क्यांनी घटलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पंगत आठवली. आजूबाजूची पानं संपत आलेली दिसली की आपण भराभर उरकतो. आणि आपलंच पान आधी रिकामं झालंय असं दिसलं की ताक पीत, मीठ चाटत रेंगाळतो. कुणी काही म्हणत नाही, पंगतीबरोबर राहायची ओढ आपसूक असते. मूव्हीलेन्सच्या पुढच्या लोकांनी हेच केलं असावं: 'अरेच्चा, बाकीचे एवढंच करतायत? मग मीच कशाला मरतोय?'

यात एक हिशेब लपलाय, तो उलगडून बघायला हवा. हा माझा हिशेब, त्यांचा नव्हे. समजा मागचा माणूस महिन्याला दोन सिनेमांना तारे देत होता. सहापटीनं तो बारा-तेरावर गेला, म्हणजे दहा-अकरा जास्त. पुढचा माणूस पन्नास देत होता. ६२ टक्के घटून तो एकोणीसवर आला, म्हणजे एकतीस कमी. टक्केवारीत पहिला जिंकला, गोळाबेरजेत दुसऱ्यानं सगळं धुऊन नेलं. आणि अशा स्वयंसेवी कामांत बहुतेक भार मूठभर लोकच उचलत असतात. गणेश मंडळात वर्गणीच्या यादीवर नावं शंभर असतात, पण रात्री मांडव आवरायला कितीजण थांबतात, आठवून बघा. त्या थांबणाऱ्यांना यादी दाखवून काय साधणार?

म्हणजे नुसता आकडा दाखवावा की नाही, एवढंच विचारून भागत नाही. त्या आकड्याच्या शेजारी काय ठेवलंय, यावर सगळं फिरतं. शेजारी मधला माणूस ठेवला की सगळे मध्याकडे सरकतात. शेजारी पहिल्या दहाची यादी ठेवली की शर्यत लागते, आणि तीही पहिल्या पंधरा-वीस जणांतच, बाकीच्यांना ती आपली वाटतच नाही. शेजारी कॅलेंडर ठेवलं तर आणखीच वेगळं होतं.

त्या कॅलेंडरची गोष्ट गिटहबवरची. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपलं काम तिथे ठेवतात. प्रत्येकाच्या पानावर वर्षाच्या दिवसांचे चौकोन असतात, ज्या दिवशी काम केलं तो हिरवा. पूर्वी त्याखाली सलग किती दिवस काम केलं याचाही आकडा असे. तो तुटू नये म्हणून लोक सणवाराला, आजारपणात, लग्नाच्या मांडवातूनही एखादी ओळ ढकलायचे. मे २०१६ मध्ये गिटहबनं हा सलग दिवसांचा आकडा काढून टाकला, चौकोन तेवढे ठेवले. पुढे तीन संशोधकांनी आधीची आणि नंतरची नोंद ताडून २०२१ मध्ये मांडलं की लांबलचक सलग मालिका कमी झाल्या, शनिवार-रविवारचं काम घटलं, आणि दिवसाला जेमतेम एकच नोंद करण्याचे दिवसही कमी झाले. ती एकेक नोंद म्हणजे काय, हे माझ्या वेलांट्यांवरून तुमच्या लक्षात आलंच असेल.

या सगळ्याला अर्थशास्त्रात एक नाव आहे, गुडहार्टचा नियम. चार्ल्स गुडहार्ट हे बँक ऑफ इंग्लंडमधले अर्थतज्ज्ञ. १९७५ साली ते बोलत होते चलनपुरवठ्यावर: एखाद्या आकड्यावरून अर्थव्यवस्थेचा अंदाज येतो म्हणून सरकारनं तोच आकडा आवळायला घेतला, की त्याचा अंदाज येणंच बंद होतं. पुढे मॅरिलिन स्ट्रॅथर्न या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ मध्ये ते सुटसुटीत केलं. मराठीत सांगायचं तर, मापच ध्येय झालं की ते चांगलं माप राहत नाही.

आपल्याकडे याचा सगळ्यात महागडा धडा प्राध्यापकांनी गिरवलाय. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१० च्या नियमांत प्राध्यापकांची नेमणूक आणि बढती गुणांकांना जोडली, त्यात छापून आलेल्या शोधनिबंधांना गुण. हेतू वाईट नव्हता, वशिल्यापेक्षा मोजणी बरी. पण निबंधाला गुण म्हटल्यावर पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं फोफावली. २०१८ साली पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या संशोधकांनी आयोगाच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीनं घुसलेली नियतकालिकं तपासली. त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त हलक्या दर्जाची असू शकतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगानं ४,३०५ नियतकालिकं यादीतून उडवली. इथे आकड्यामागे पगार होता, म्हणून माणसं वाकली असं म्हणता येईल. पण माझ्या सहा वेलांट्यांमागे तर दमडीसुद्धा नव्हती.

नुसता टी-शर्ट असला तरी पुरतो. 'हॅक्टोबरफेस्ट' नावाचा उपक्रम दर ऑक्टोबरात होतो, लोकांनी खुल्या, म्हणजे कुणीही उघडून सुधारणा सुचवू शकेल अशा, प्रोग्रॅमांना हातभार लावावा म्हणून. २०२० साली चार सुधारणा पाठवणाऱ्या पहिल्या ७०,००० जणांना टी-शर्ट मिळणार होता. १ ऑक्टोबर उजाडला आणि जगभरच्या प्रोग्रॅमांवर कचऱ्याचा पाऊस पडला. माहितीच्या पानात कुठेतरी एखादं विशेषण घुसडायचं, झाली एक सुधारणा. बिचारे बिनपगारी सांभाळकर्ते दिवसभर ते नाकारत बसले. शेवटी आयोजकांना दोन-तीन दिवसांतच नियम फिरवावा लागला: ज्या प्रोग्रॅमांना सहभागी व्हायचंय त्यांच्या सांभाळकर्त्यांनी स्वतःहून सांगावं, तेवढ्याच प्रोग्रॅमांवरचं काम धरलं जाईल.

ही झाली लबाडी. पण मोठ्या आकड्याच्या मागे लबाडीच असते असं नाही, आणि हे जास्त अवघड आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये उघडकीला आलं की स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर हजारो लेख एका अमेरिकन मुलानं लिहिलेत, आणि त्याला स्कॉट्स येतच नाही. इंग्रजी वाक्यांत शब्दकोशातून स्कॉट्स शब्द बसवायचे, असं चाललेलं. सुरुवात केली तेव्हा पोरगा बारा वर्षांचा. हेतू निर्मळ, कष्ट अफाट, दोन लाखांवर संपादनं, आणि तिथला प्रचालक, म्हणजे देखरेख करणाराही, तोच. वर्षानुवर्षं ते तसंच चालून गेलं. एवढा आकडा असलेल्या माणसाला 'बाबा, तुला ही भाषा येते का?' असं कोण विचारणार? मी गुरवाचा चार हा आकडा बघून पुस्तक उघडलं नव्हतं, तिथे दोन लाख हा आकडा बघून कुणी उघडलं नाही.

अख्ख्या भाषांनाही हा रोग होतो. फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेच्या विकिपीडियात साठ लाखांवर लेख आहेत, लेखसंख्येत तो इंग्रजीच्या पाठोपाठ. त्यातले जवळजवळ सगळे एका स्वीडिश माणसाच्या सांगकाम्यानं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमनं, तयार केलेत. मराठीतही 'अमुक हे तमुक तालुक्यातील एक गाव आहे' एवढं बोलून थांबणारी पानं पुष्कळ. त्यातली काही मीही बनवलीत. मुखपृष्ठावरचा लेखांचा आकडा वाढताना छाती फुगते, खोटं कशाला बोलू.

मग शाबासकी द्यायचीच नाही का? द्यायची, पण माणसानं माणसाला. विकिपीडियावर एकमेकांच्या चर्चापानावर 'बार्नस्टार' चिकटवायची पद्धत आहे, एक चित्र आणि खाली दोन ओळी. २०१२ मध्ये दोन संशोधकांनी सगळ्यात जास्त काम करणाऱ्या एक टक्का संपादकांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे २०० जण निवडले आणि त्यातल्या शंभरांना असा तारा दिला. पुढच्या तीन महिन्यांत तारा मिळालेल्यांचं काम न मिळालेल्यांपेक्षा ६० टक्क्यांनी जास्त भरलं. आठवतंय ना, मूव्हीलेन्सवर असेच पुढचे लोक आकडा बघून थंडावले होते. जर्मन विकिपीडियावर नवख्यांना असंच साधं कौतुक मिळालं, तेव्हा टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढलं. तो प्रयोग याना गालुस यांचा, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला. तारा हाही मोजता येतोच, पण तो कळ दाबून मिळत नाही, कुणीतरी तुमचं काम वाचावं लागतं.

माझं मत विचाराल तर आकडा पुसून टाकू नये. तो वहीत असावा, ज्याला कारण आहे त्यानं उघडून बघावा. विकिपीडियाची रचना बरीचशी अशीच आहे. तुमच्या सहीपुढे आकडा आपोआप लागत नाही. स्वतःचा बघायचा तर तुमच्या पसंतींच्या पानात मिळतो. दुसऱ्याचा बघायचा तर त्याच्या योगदानाच्या पानावर जावं लागतं, आणि तिथे तो एकटा नसतो: खातं केव्हा उघडलं ते शेजारी आणि खाली एकेका बदलाची यादी. म्हणजे आकड्यापर्यंत पोचेपोचेतो कामावर नजर पडतेच. दाराची कुलपं ठेवायची तर ती दोन-तीनच असावीत, आणि उंबरठा ओलांडला की पुढच्या आकड्याला काही किंमत नसावी. ५०० ला दार उघडतं, ठीक. ५०,००० ला आणखी एक बिल्ला कशासाठी?

माझ्या स्वतःच्या सदस्यपानावर मात्र मी बरीच वर्षं एक चौकट मिरवत होतो, 'या सदस्याने इतक्या हजारांहून अधिक संपादने केली आहेत' अशी, पिवळ्या रंगातली. गुरवांच्या प्रकरणानंतर एका रात्री ती काढली. पान उघडलं, तेवढी ओळ खोडली, जतन केलं. योगदानाच्या यादीत तो बदल लाल वजा आकड्यात दिसला, आणि एकूण आकडा एकानं वाढला.